पडलेल्या क्राऊन-पिनियनचा टवका: घासायचं किती, सोडायचं किती

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलसाठी (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) नवा क्राऊन-पिनियनचा सेट, म्हणजे मोठा चक्राकार गिअर आणि त्याला फिरवणारा लहान टेल पिनियन, आणला आणि बसवायच्या आधीच तो बाकावरून फरशीवर पडला. क्राऊनच्या दोन दातांच्या बाहेरच्या टोकाला बारीक टवके उडाले, टेल पिनियनच्या एका दाताच्या माथ्यावर पोचा आला. त्यांना हवं आहे ते एवढंच: वेल्डने भरून घ्यावं का, तसाच बसवला तर चालेल का, आणि दुकानदार नुसता क्राऊन बदलून द्यायला तयार आहे, तो घ्यावा का.

दादा, वेल्ड करू नका आणि तसाच बसवूही नका. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून सेट वाचेल असं वाटतं. पण गिअर वाचवायचा म्हणजे उडालेला तुकडा परत भरायचा नसतो. मार लागताना जो धातू वर उचलला गेलाय तो, आणि तेवढाच, उतरवायचा असतो. हे नीट समजलं की हातात दगड कधी घ्यायचा आणि कधी खाली ठेवायचा हे आपोआप कळेल, म्हणून आधी कारण सांगतो.

दातावर ठोका बसला की खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याच्या काठाला धातू उचलून येतो. खड्ड्याची आपल्याला काळजी नाही. तिथे समोरचा दात टेकतच नाही, उलट तेल साचून राहतं. काळजी त्या उचललेल्या काठाची. तो केसाहून बारीक असेल, तरी समोरच्या दाताला सगळ्यात आधी तोच भिडतो आणि सगळा भार त्या टिंबाएवढ्या जागेवर येतो. आपल्या मागच्या एक्सलमधले गिअर हायपॉइड जातीचे असतात. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून बाजूला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. म्हणजे उचललेला काठ एका जागी टोचून थांबत नाही, समोरच्या दातावर लांब ओरखडा काढत जातो. आणि तोही एकाच दातावर नाही. समजा पिनियनला 9 दात आणि क्राऊनला 41. या दोन आकड्यांना सामायिक अवयव नाही, म्हणून पिनियनचा तो एक खराब दात क्राऊनच्या 41 दातांना एकेक करून भेटणार. क्राऊन 9 वेळा फिरेपर्यंत सगळ्यांची हजेरी लागलेली असते. गाडीच्या हिशेबात हे जेमतेम वीस मीटर अंतर झालं. गॅरेजमधून निघून गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ओरखडे सगळीकडे पसरलेले असतील. तसाच बसवू नका म्हणतो ते यासाठी.

वेल्ड का नको, तेही सांगतो, कारण लोहामंडीच्या बाजूला "दात भरून देतो" म्हणणारे भेटतात आणि त्यांचा हात खरंच चांगला असतो. दोष त्यांच्या हाताचा नाही, लोखंडाच्या जातीचा आहे. हे गिअर कमी कार्बनच्या मिश्र पोलादाचे बनवतात, मग भट्टीत त्यांच्या फक्त वरच्या थरात कार्बन मुरवतात आणि पाणी देऊन (तापवून एकदम थंड करून) तो थर कडक करतात. नारळासारखं समजा: बाहेर करवंटी, आत खोबरं. ही करवंटी गाडीच्या आकाराप्रमाणे साधारण 0.8 ते 1.5 मिलिमीटर जाड असते आणि कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर 58 ते 62 इतकी कडक. आतला गाभा मुद्दाम चिवट ठेवलेला असतो, म्हणजे धक्का बसला तरी दात तुटू नये. वेल्डची ठिणगी लागली की त्या जागेशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो, त्याच्या पलीकडचा पट्टा मऊ पडतो, आणि भरलेला धातू या दोघांच्याही जातीचा नसतो. थंड होताना त्या सीमेवर केसासारखे तडे जातात. वर क्राऊन वाकडा होतो तो वेगळाच. असा दात धार लागेपर्यंत घासून अगदी मूळच्यासारखा दिसायला लावता येतो, पण मानपूरच्या पुढे भेरूघाट भरल्या गाडीने चढताना त्याच्यावर विसंबता येत नाही. तुटलेला तुकडा हौसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, पडला की तो क्राऊन आणि पिनियनच्या मध्ये सापडतो, आणि मग सेटच नाही, बेअरिंग आणि कधी कधी हौसिंगही जातं. एपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरणं हा त्याच चुकीचा स्वस्त प्रकार. ती गरम तेलात सुटते आणि तिचा भुगा बेअरिंगमध्ये शिरतो.

आता तुमच्या सेटचं काय करायचं ते. आधी दोन्ही गिअर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुवा, पुसून कोरडे करा आणि उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाखाली बघा. ट्यूबलाइटखाली बघून समाधान मानू नका. आपण टवका शोधत नसतो, तो तर दिसतोच. आपण टवक्याच्या कोपऱ्यातून निघालेला तडा शोधत असतो. डोळ्याला तडा दिसत नाही म्हणजे तो नाही असं नसतं, म्हणून डाय पेनिट्रंटचे तीन डबे आणा: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. सियागंजात वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. जागा क्लीनरने पुसायची, लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, मग कापडावर क्लीनर घेऊन रंग पुसायचा. थेट गिअरवर क्लीनर मारला तर तड्यात शिरलेला रंगही धुऊन निघतो आणि तपासणी फुकट जाते. वर डेव्हलपरचा पातळ थर द्यायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. टवक्याच्या खडबडीत पृष्ठावर लाल डाग दिसला तर घाबरू नका, तो खाचेत अडकलेला रंग असतो. त्या डागाच्या बाहेर पळणारी रेघ दिसली तर मात्र सेट संपला. त्याच्यावर आणखी वेळ घालवू नका. ज्यांना चुंबकीय तपासणी करून घेता येईल त्यांनी ती जरूर करावी. पीथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांत काम करणारी ओळखीची माणसं असतील तर ते फार अवघड नाही, आणि पृष्ठाच्या जरा खालचा तडाही ती पकडते.

तडा नसेल तर पुढचा प्रश्न जागेचा. दाताच्या बाहेरच्या टोकाची कड, आतल्या टोकाची कड आणि माथा, या तीन ठिकाणचा लहान टवका बहुतेक वेळा वाचतो, कारण नीट सेटिंग केलेल्या गिअरमध्ये दात अगदी काठापर्यंत टेकायलाच नको असतात. कामाच्या बाजूच्या मधोमध पोचा असेल तर वर आलेला धातू काढून तो बसवता येतो, पण खड्डा गव्हाच्या दाण्याहून लहान असला तरच. आणि दाताच्या मुळाशी, जिथे दोन दातांमधला घळ वळतो, तिथे साधी खोल खाच असली तरी मी तो गिअर बसवत नाही. दात वाकतो तेव्हा सगळा ताण तिथेच गोळा होतो, आणि तिथली खाच म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. तुमचे टवके बाहेरच्या टोकाला आहेत. ते दाताच्या लांबीच्या दहाव्या भागाहून जास्त आत गेलेले नसतील तर काम करा. जास्त असतील तर नका करू. हा दंडक कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे, पण भरल्या गाड्यांच्या कामात तो मला कधी सैल करावासा वाटला नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. बारीक दाण्याचा ऑइल स्टोन, एक चपटा आणि एक तिकोनी. टवक्याची धार मोडायला हातग्राइंडरवर बसणारा बारीक डायमंड पॉइंट. साधी कानस इथे उपयोगाची नाही, ती कडक दातावरून नुसती घसरत जाते. पण तिचा एक वेगळा उपयोग आहे. दाताच्या बाहेरच्या टोकाच्या उभ्या तोंडावर, म्हणजे जिथे काहीच टेकत नाही तिथे, नव्या कानशीचा कोपरा हलकेच ओढून बघा. घसरली तर थर कडक आहे. चावली, चकचकीत भुसा निघाला, तर त्या गिअरला पाणी नीट दिलेलं नाही आणि टवका हा त्याचा सगळ्यात लहान आजार आहे. बिनानावाच्या डब्यातल्या स्वस्त सेटवर ही परीक्षा आधी करावी, मग बाकीचं.

टवक्याची जी धारदार कड आहे ती डायमंड पॉइंटने मोडायची आणि साधारण अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्यायची. कोपरा टोकदार राहू द्यायचा नाही, आणि उडालेल्या भागाची उतरण शेजारच्या धातूत हळूहळू मिसळून द्यायची. हे करताना उष्णता हा एकमेव शत्रू आहे. दोन-तीन सेकंद टेकवायचं, उचलायचं, तेलात बुडवलेल्या चिंधीने पुसायचं, बोट ठेवून बघायचं. बोट आरामात ठेवता आलं पाहिजे. पोलाद सुमारे 200 ते 230 अंशांवर फिकट पिवळा रंग धरतं आणि 300 च्या आसपास निळं पडतं. या गिअरला भट्टीतून शेवटचं निघताना जे टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला परत तापवणं) देतात तेच साधारण 150 ते 200 अंशांचं असतं. म्हणजे पिवळी झाक दिसली याचा अर्थ तिथली करवंटी मऊ पडायला लागली. निळा डाग पॉलिश पेपरने पुसता येतो, गेलेला कडकपणा परत येत नाही. म्हणून मोठा बेंच ग्राइंडर या कामाच्या जवळपासही नको.

कामाच्या पृष्ठावर, जिथे दात खरोखर टेकतो, ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. तिथे फक्त हात आणि दगड. आधी मार्कर पेनने त्या जागेवर आणि भोवती बोटभर शाई लावा. दगडाला तेल लावा आणि तो पृष्ठावर असा सपाट टेकवा की त्याचा बराच भाग चांगल्या धातूवर राहील, मग दाताच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने चालवा. दगड आधी फक्त वर आलेल्या जागेवर घासेल, शाई तिथूनच जाईल. भोवतालची शाई फिकी व्हायला लागली की त्या क्षणी थांबा. खड्डा तसाच दिसत असतो आणि हात म्हणतो आणखी थोडं. तो मोह आवरला पाहिजे. जीपसारख्या गाडीत दोन दातांमधला प्ले, म्हणजे मोकळा खेळच, साधारण 0.15 ते 0.20 मिलिमीटर असतो. त्यात तुम्ही दाताचं अंग 0.05 मिलिमीटर खाल्लंत तर किती मोठा घोळ केलात याचा अंदाज येईल. शिवाय हे दोन गिअर कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. तो आकार आपल्या हाताने परत देता येत नाही.

पिनियनच्या माथ्यावरचा पोचा त्या मानाने सोपा. माथा समोरच्या दाताच्या मुळाशी टेकतच नाही, मध्ये जागा सोडलेली असते. पण माथ्यावर मार बसला की धातू बाजूला सरकून दाताच्या अंगावर ओठासारखा लोंबतो. नख अंगावरून माथ्याकडे ओढा, अडकेल. तो ओठ तिकोनी दगडाने उतरवा, कडेला किंचित चॅम्फर (तिरकी कड) द्या, बस. दोन्ही बाजूंना बघा, कारण ओठ एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला जरा कमी, असा दोन्हीकडे येतो.

दात बघण्याच्या नादात लोक जी जागा विसरतात ती आता सांगतो, आणि खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत मला दातांपेक्षा तिचीच धास्ती जास्त वाटते. क्राऊन फरशीवर पडला तेव्हा त्याच्या पाठीच्या कडेलाही मार बसला असेल. ती पाठ डिफरन्शियल केसच्या फ्लँजवर, म्हणजे आतल्या फिरत्या पेटीच्या कडेच्या पट्टीवर, बसते. तिथे एक बारीक बर (वर आलेला धातूचा काठ) राहिला तर बोल्ट आवळल्यावर सगळा क्राऊन तेवढा वाकडा बसतो, आणि मग एकही दात खराब नसताना गाडी कायम गुणगुणते. पाठीवर मोठा चपटा दगड तेल लावून फिरवा. चमकलेला ठिपका दिसला की तो उंचवटा. बोल्टच्या भोकांचे काठ, फ्लँजचा काठ, पिनियनची बेअरिंग बसायची जागा, स्प्लाइन (दांड्यावरच्या उभ्या खाचा) आणि शेवटचे आटे, सगळीकडे नख फिरवा. केसवर बसवल्यानंतर क्राऊनच्या पाठीला डायल गेज लावून एक पूर्ण फेरा द्या. काटा 0.05 मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. क्राऊन केसवर घट्ट असेल तर त्याला हातोडीने ठोकून नका बसवू, तेलात सावकाश 80 ते 100 अंशांपर्यंत गरम करा, तो अलगद बसतो. गॅसची ज्योत मात्र नको, कारण वर सांगितलं तेच. बोल्ट नवे घ्या, आटे कोरडे करून लॉकिंग द्रव लावा आणि टॉर्क रेंचने आमनेसामने आवळा.

केसच्या आतले लहान गिअर, स्टार पिनियन आणि सन गिअर, यांच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण उघडलंच आहे तर बघून घ्या. सरळ रस्त्यावर ते एकमेकांच्या तुलनेत फिरतच नाहीत, फक्त वळणावर किंवा एक चाक घसरल्यावर फिरतात. त्यामुळे काठावरचा लहान टवका त्यांना क्राऊनपेक्षा जास्त माफ असतो. चिखलात एक चाक गरगर फिरून एकदम पकड घेतं तेव्हा यांचे दात मुळातून जातात, आणि आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात हे नेहमीचं. म्हणून इथेही मुळाशी तडा दिसला तर दयामाया नको. थ्रस्ट वॉशर मात्र दर वेळी नवे टाका.

घासून झालं की धुणं हे वेगळं काम समजा. दगडाची आणि डायमंडची भुकटी बेअरिंगमध्ये गेली तर ते तिला दळत बसतात. म्हणूनच पिनियनवर बेअरिंग चढवल्यानंतर घासकाम करायचं नाही. स्वच्छ डिझेलने दोनदा धुवा, हवेने उडवा, पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर काळं आलं तर परत धुवा. मग लगेच गिअर ऑइलचा हात फिरवा. जुलैच्या दमट हवेत उघडं पोलाद एका रात्रीत तांबूस पडतं.

आता परीक्षा. पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड (आवळताना आधीच दिलेला दाब) आणि प्ले पुस्तकाप्रमाणे जुळवा. प्ले एकाच जागी मोजू नका, क्राऊनच्या निदान चार जागी मोजा. मग क्राऊनच्या सात-आठ दातांना दोन्ही अंगांनी मार्किंग ब्लू (छाप उमटवणारा निळा रंग) पातळ लावा. दुरुस्त केलेले दोन दात त्यात आलेच पाहिजेत. जुने उस्ताद शेंदूर तेलात कालवून लावायचे. छाप त्यानेही सुरेख उमटते, पण शेंदरात शिसं असतं, म्हणून ब्लू मिळत असताना त्याच्या वाटेला जाऊ नका. क्राऊनला कापडाने किंवा लाकडाने हलका अडसर द्या आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. बाकीच्या दातांवर छाप मधोमध, थोडी आतल्या टोकाकडे झुकलेली, लांबट आली पाहिजे. भार आला की ती बाहेरच्या टोकाकडे सरकते, तिला जागा हवी. दुरुस्त दातांवर छाप शेजारच्यांसारखीच हवी. टवक्याच्या काठाशी एखादा लख्ख ठिपका दिसला, म्हणजे तिथे ब्लू दाबून निघालाय, तर काठ अजून वर आहे. परत उघडा, दगडाचे दोन-चार हात द्या, धुवा, परत छाप घ्या. कंटाळवाणं आहे, पण सगळं काम या छापेवरच तोलायचं आहे. आणि छापच मुळात बाहेरच्या टोकावर, टवक्यापर्यंत जात असेल तर दोष सेटिंगचा आहे. तो शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) सोडवायचा, दगडाने नाही.

तेल जीएल-5 दर्जाचं, पुस्तकात 80 डब्ल्यू-90 लिहिलं असेल तर तेच. हायपॉइडच्या घसरणाऱ्या दातांना त्यातली दाब सोसणारी द्रव्यं लागतात, इंजिन ऑइल किंवा उरलंसुरलं गिअर ऑइल इथे चालत नाही. हौसिंगचा ब्रीदर (हवा सुटायचं भोक) मातीने बुजलेला असेल तर मोकळा करा. पहिल्या दिवशी उज्जैन रोडसारख्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी पंधरा-वीस मिनिटं मध्यम वेगाने चालवा आणि मग पूर्ण थंड होऊ द्या. असं चार-पाच वेळा करा. पहिले पाचशे किलोमीटर ओझं नको, ओढकाम नको, सिमरोलचा आणि भेरूचा घाट नको.

आवाज ऐकताना खिडक्या उघड्या ठेवून ताशी 10 किलोमीटरच्या आसपास भिंतीलगत चालवा. टक-टक सेकंदाला साधारण एकदा-सव्वा वेळा येत असेल तर तो क्राऊनचा दात, कारण तो चाकाबरोबर फिरतो. सेकंदाला पाच-सहा वेळा येत असेल तर पिनियन. टक-टक नसून अखंड गुणगुण असेल तर टवक्याचा काही संबंध नाही, सेटिंग किंवा रनआउट (क्राऊन फिरताना डोलतो तो वाकडेपणा) बघा. पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं ठीक, तो नव्या दातांचा असतो. बोटांत टोचणारी चकाकती चिपळी मिळाली तर गाडी तिथेच उभी करा आणि उघडा.

राहिला नुसत्या क्राऊनचा प्रश्न. घेऊ नका. क्राऊन आणि पिनियन दोन्हींवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो, कारण ती जोडी कारखान्यात एकत्र जुळवलेली आहे. दुसऱ्या जोडीतला क्राऊन मापाला बरोबर बसेल, बोल्टही बसतील, छापही जेमतेम बरी येईल, पण आवाज जाणार नाही आणि दात लवकर खरवडतील. दुकानदार अख्खा सेट फरकाची रक्कम घेऊन बदलून देत असेल आणि ती रक्कम तुम्हाला झेपण्यासारखी असेल, तर एवढं सगळं घासकाम करण्यापेक्षा मी तेच करीन, आणि नव्या डब्यातून काढताक्षणी दोन्ही गिअरवरचा क्रमांक ताडून बघेन.